बघण्यासारखं काही नाही?

गेल्या मे महिन्यात बोरिवलीहून पुतण्या आला होता, बायकामुलांसह. मालवणला निघाले होते. वाटेत काकांकडे एक रात्र मुक्काम. सकाळी चहा घेताना त्याच्या दहा वर्षांच्या लेकीनं विचारलं, "आजोबा, इथे बघण्यासारखं काय आहे?"

मी म्हणालो, "इथे काय असणार बाळा? तुम्ही आपले मालवणला जा."

त्यांची गाडी निघून गेली आणि मला माझंच वाक्य टोचायला लागलं. दुपारी दुकानावर हे सांगितलं तर शेजारी म्हणाला, "गुरुजी, खरा ताच सांगलास. हय काय आसा?" म्हणजे आजार माझ्या एकट्याचा नाही. आज त्याच आजाराबद्दल लिहायचं आहे. थोडं कडू लिहिणार आहे, वाचकांनी सांभाळून घ्यावं.

मुंबईहून गोव्याकडे येताना राजापूर मागे पडलं की सिंधुदुर्ग जिल्हा लागतो आणि पहिलं गाव लागतं ते आमचं खारेपाटण. शुक नदीच्या काठी, विजयदुर्गच्या खाडीच्या पार आतल्या टोकाला. एके काळी या खाडीतून माल वर यायचा आणि इथून बैलांच्या पाठीवर घाट चढायचा. पुढे खाडी गाळानं भरली आणि व्यापार गेला. आता पावसाळ्यात नदीचं पाणी बाजारपेठेत शिरलं की तेवढ्यापुरती आमची बातमी येते.

याच गावात एक ताम्रपट सापडला. शिलाहार राजा रट्टराज याचा, शके ९३० चा, म्हणजे इसवी सन १००८. सनफुल्लापासून रट्टराजापर्यंत दक्षिण कोकणच्या शिलाहारांच्या दहा पिढ्या त्यात आहेत. तो प्रथम वाचून छापला तो बाळशास्त्री जांभेकरांनी, १८३२ साली 'दर्पण' काढणाऱ्या, इथून जवळच्याच पोंभुर्ल्याच्या. त्यात एका शिवमंदिराला गावं दान दिली आहेत. पूजेची, मंदिराच्या दुरुस्तीची, तपस्व्यांच्या अन्नवस्त्राची आणि आल्यागेल्या पाहुण्यांची सोय व्हावी म्हणून. परदेशातून येणाऱ्या प्रत्येक जहाजामागे मंदिराला सोन्याचं एक नाणंही लावून दिलं आहे. त्या राजांची राजधानी बलिपत्तन म्हणजे आपलं खारेपाटणच, असं मानणारे अभ्यासक आहेत. इथलाच दुसरा ताम्रपट अनंतदेवाचा, शके १०१६ चा. त्यात दोघा अमात्यांच्या जहाजांना ठाणे, सोपारा, चौल या बंदरांत जकात माफ केली आहे.

आणि मी म्हणतो, इथे काय असणार!

आता माझी लाज उघडी करतो. मी २००८ साली निवृत्त झालो. शाल मिळाली, श्रीफळ मिळालं, भाषणं झाली. त्याच वर्षी रट्टराजाच्या ताम्रपटाला हजार वर्षं पूर्ण होत होती. तेव्हा गावात एक नारळ फुटल्याचं मला आठवत नाही. फुटणार कसा? जो माणूस वर्गात इतिहास शिकवत होता, त्यालाच ते माहीत नव्हतं. मी मुलांना पानिपत शिकवलं, फ्रेंच राज्यक्रांती शिकवली, सनावळ्या पाठ करून घेतल्या. पण ज्या नदीवरून ती शाळेत यायची तिथे परदेशी जहाजांवर कर होता, हे एकाही मुलाला सांगितलं नाही. तेव्हा खाली जे दोष देणार आहे, त्यातला पहिला वाटा माझा.

१९९७ साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला. आनंद झाला होता. पण पर्यटन म्हणजे आपण काय समजलो? तारकर्लीची वाळू, पाण्याखालचे फोटो, सुरमईची थाळी. ते वाईट आहे असं कोण म्हणतो? त्यावर कितीतरी घरं चालतात, पोरं मुंबईला न जाता गावात राहतात. माझं म्हणणं एवढंच, की वाळू आणि थाळी जगात पुष्कळ ठिकाणी मिळते. जे फक्त इथेच आहे ते आपण एकतर लपवून ठेवतो, नाहीतर खोटं करून विकतो.

खोटं म्हणजे कसं? विजयदुर्गावर पाहुण्यांना सांगतात, की १८६८ साली लॉकियर साहेबानं इथे बसून हेलियमचा शोध लावला. लॉकियर त्या वर्षी हिंदुस्थानात नव्हता. १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात जान्सेन या फ्रेंच शास्त्रज्ञानं गुंटूरहून वेध घेतले, आणि लॉकियरनं ती पिवळी रेषा त्याच ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमध्ये पाहिली. पण तो विजयदुर्गला खरोखरच आला होता, २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी, दुर्बिणी आणि आरमारी खलाशी घेऊन. खरी गोष्ट इतकी सुंदर असताना खोटी कशाला हवी?

उत्सवांचंही तेच. आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेची तारीख पंचांगात नसते. देवीचा कौल मिळाल्यावर ती ठरते. पण रस्त्यानं येणाऱ्याला आधी दिसतात ते पुढाऱ्यांचे फलक, देवीचं देऊळ नंतर. आचऱ्याची गावपळण घ्या. रामेश्वराचा कौल मिळाला की सगळा गाव गुरावासरांसह तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर राहायला जातो. जातपात, गरीब-श्रीमंत, सगळे झापांच्या झोपडीत शेजारी शेजारी. कसलं मोठं शिक्षण आहे हे! त्याकडे 'कॅमेऱ्याला छान मिळेल' एवढ्याच नजरेनं बघायचं असेल, तर पाहुण्यांनी घरीच बसावं. आणि यजमानांनीही त्यासाठी झोपडी सजवू नये.

मोठ्या गोष्टींची घाई किती महाग पडते, ते मालवणच्या राजकोटावर आपण पाहिलं. ४ डिसेंबर २०२३ ला अनावरण झालेला महाराजांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला, नऊ महिनेही झाले नव्हते. समोर पाण्यात महाराजांनीच १६६४ साली पाया घातलेला किल्ला उभा होता. यापुढे मी काही बोलत नाही.

मला कोट्यवधींची योजना नको. बसस्टँडवर मराठीत एक फलक हवा, ताम्रपटाचा मजकूर सोप्या भाषेत सांगणारा. शाळेत त्याची एक प्रतिकृती. आणि वर्षातून एकदा मुलांना नदीवर नेऊन, इथे काय होतं ते सांगणारा एक मास्तर. एवढं हजार रुपयांतही होईल. हजार वर्षांपूर्वी पाहुण्यांची सोय ज्यांनी तांब्यावर कोरून ठेवली, त्यांच्या गावाला एक पाटी परवडत नाही?

असो. दिवाळीत पुतण्याची लेक पुन्हा आली. या वेळी मी तिला विचारण्याची संधीच दिली नाही. काठी घेतली आणि तिला थेट नदीवर नेलं. सगळं ऐकून ती म्हणाली, "आजोबा, मग मे महिन्यात का नाही सांगितलं?"

उत्तर माझ्याकडे नव्हतं. तुमच्या गावाबद्दल तुमच्याकडे आहे का?