अर्ध्या तासाचे कर्तव्य

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. साधने तुटपुंजी होती. पण ‘आमची माती, आमची माणसं’मधून बोलणारा शेतकरी इथला होता आणि ‘गजरा’तील विनोद मराठी माजघरातला होता. आज मराठी वाहिन्या उदंड आहेत; मराठी मुलूख मात्र पडद्यावरून ओसरला. मालिकेत कोल्हापूर दिसलेच, तर ते बहुधा वाड्याच्या दर्शनी भिंतीपुरते!

केबल कायद्यात २००० साली दुरुस्ती होऊन दूरदर्शनची प्रादेशिक वाहिनी दाखविणे केबलचालकांवर बंधनकारक झाले. त्या वाहिनीवर काय असावे, याविषयी कायदा मौन बाळगतो. पुढे २०२२च्या मार्गदर्शक तत्त्वांनी खासगी वाहिन्यांनाही रोज अर्धा तास शेती, शिक्षण, सांस्कृतिक वारसा अशा राष्ट्रीय महत्त्वाच्या विषयांसाठी देण्यास सांगितले. हेतू स्तुत्यच. परंतु जानेवारी २०२३च्या सूचनापत्राने हा अर्धा तास तुकड्यांत विभागण्याची, एकच कार्यक्रम अनेक वाहिन्यांनी वाटून घेण्याची, इतकेच नव्हे तर पुनःप्रक्षेपणाचीही मुभा दिली. म्हणजे दिल्लीत तयार झालेली एक चित्रफीत भाषांतरित करून दाखविली, की नांदेडची आणि सिंधुदुर्गाची कर्तव्यपूर्ती झाली! दशावतार, दंडार, गोंधळ यांना त्यात जागा कोठून मिळणार? वारसा ‘सर्वसाधारण’ नसतो. त्याला गाव असते, बोली असते.

केंद्रात आपल्या विचारांचे सरकार आहे म्हणून याविषयी संकोच बाळगण्याचे कारण नाही. या अर्ध्या तासातील निदान निम्मा वेळ त्या त्या भाषेच्या प्रदेशातच चित्रित झालेल्या नव्या कार्यक्रमांना द्यावा, एवढी दुरुस्ती माहिती व प्रसारण मंत्रालयाने करावी.