आठवी वाटी

माझ्या लिहायच्या टेबलावर गेले पंधरा दिवस एक फाटकी वाटी आहे. अ‍ॅल्युमिनियमची, फुलपात्राएवढी, तळाच्या जरा वर बोटभर लांब चीर पडलेली. कामाच्या बाईंनी दोनदा विचारलं, "आजी, भंगारात देऊ का?" दोन्ही वेळा नको म्हटलं. आज तिच्याबद्दल भांडायचं आहे, म्हणून हा लेख.

वाटी माझ्या नातीची. ती इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्पाचा विषय असा की, पत्र्याला थोडा थोडा दाब देत आकार आणताना यंत्राची मापं बदलली तर वस्तूच्या दर्जावर काय परिणाम होतो. मी मराठी माध्यमातली बी.ए., जन्मभर मुलांना व्याकरण आणि इतिहास शिकवला. पण ती दोन संध्याकाळी माझ्याजवळ बसली आणि मला कळेपर्यंत उठली नाही. त्यामुळे खाली काही चुकलं असेल तर ते माझं, तिचं नाही.

आपल्या स्टीलच्या वाट्या प्रेसवर होतात. वरून ठोकळा, खालून साचा, एक दणका. साचा महाग, पण लाख वाट्यांवर त्याचा खर्च वाटला जातो. एकच वाटी हवी असेल तर? त्यासाठी ही दुसरी रीत. पत्रा चारी बाजूंनी चौकटीत घट्ट आवळायचा. गोल टोकाची पोलादी कांडी त्यावर टेकवायची, ती संगणकाच्या हुकमानं गोल फिरते, मग केसभर खाली उतरते, पुन्हा फिरते. असे शे-दोनशे फेरे झाले की वाटी तयार. साचा नाहीच. एडवर्ड लेझॅक नावाच्या गृहस्थांना अमेरिकेत १९६७ साली या कल्पनेचं पेटंट मिळालं होतं, पण संगणकावर चालणारी यंत्रं स्वस्त झाल्यावर, १९९०च्या दशकात जपानी लोकांनी ती खरी चालवून दाखवली. फोर्ड कंपनीनं २०१३ मध्ये दोन्ही बाजूंनी दाबणाऱ्या यंत्राची घोषणा केली. माणसाच्या कवटीत बसवायच्या टायटॅनियमच्या पट्ट्या अशा करता येतील का, यावरही बरंच संशोधन झालं आहे. ही कवटी लक्षात ठेवा, पुढे लागेल.

पत्रा कडेला आवळलेला असल्यामुळे बाहेरून आत नवा धातू येत नाही. चारी बाजूंनी गादीखाली खोचलेली चादर मधून दाबली तर ती ताणलीच जाणार. म्हणजे भिंत जितकी उभी, तितकी पातळ. याला साधा हिशेब आहे, साइनचा. पत्रा १ मिलिमीटर जाडीचा असेल आणि भिंत ६० अंशांत उतरली तर जाडी उरते निम्मी, ०.५. सत्तर अंशांना ०.३४. नव्वद अंशांना शून्य! म्हणजे सरळ उभी भिंत एका दमात होऊच शकत नाही. हे कळलं तेव्हा मला शाळेतल्या त्रिकोणमितीचा पहिल्यांदा उपयोग दिसला. (गणिताच्या आमच्या जोशीबाई हे वाचत असतील तर क्षमा.)

आता भांडणाकडे येते.

नातीनं चार गोष्टी बदलायच्या ठरवल्या. कांडीचा व्यास, दर फेरीला किती खाली उतरायचं ते, कांडीची चाल आणि भिंतीचा कोन. प्रत्येकीच्या तीन पायऱ्या. सगळ्या जोड्या करायच्या तर ८१ वाट्या होतात. तेवढा पत्रा नाही, वेळ नाही. म्हणून जपानचे तागुची यांचा तक्ता वापरतात, त्यात नऊ वाट्यांत भागतं. हुशारीची युक्ती आहे, तिच्याशी माझं भांडण नाही. कोन तिनं ५०, ६० आणि ७० घेतले होते. नऊपैकी आठ वाट्या उतरल्या. आठवी फाटली. सत्तर अंशांची होती, पण सत्तरच्या आणखी दोन होत्या त्या टिकल्या. फरक असा की आठवीला सगळ्यात जाड, १५ मिलिमीटरची कांडी होती.

मला वाटलं, वा, पोरीला काहीतरी सापडलं! मार्गदर्शक सरांना वाटलं, तक्त्यात एक घर रिकामं राहिलं. फाटलेल्या वाटीचा गुळगुळीतपणा मोजता येत नाही, आकडा नाही म्हणजे पुढचं गणित अडतं. त्यांनी सांगितलं, कोन ४५, ५० आणि ५५ करून पुन्हा नऊ कर. तिनं केल्या. सगळ्या छान उतरल्या. अहवालाचा निष्कर्ष तयार: जाड कांडी आणि बारीक उतार, हे 'ऑप्टिमम'. म्हणजे सर्वोत्तम. आठव्या वाटीचा उल्लेख अख्ख्या अहवालात नाही.

मंडळी, जी कांडी सर्वोत्तम ठरली तिनंच ती वाटी फाडली होती!

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, हीच तर गंमत आहे. जाड कांडीच्या दोन फेऱ्यांमध्ये उरणारा कंगोरा बुटका असतो, म्हणून पृष्ठभाग गुळगुळीत. पण तीच कांडी एका वेळी जास्त पत्रा दाबते, जोर जास्त लागतो, ताण पसरतो आणि उभ्या भिंतीला पत्रा लवकर हार मानतो. बारीक कांडी छोट्याशा जागी ताण देते आणि पत्रा जास्त सोसतो, फक्त अंगावर रेघा राहतात. उताराचंही तसंच. उतार निम्मा केला तर कंगोऱ्याची उंची भूमितीनं चौथाईवर येते, पण फेरे दुप्पट होतात. ४० मिलिमीटर खोल वाटीला ०.८चा उतार घेतला तर ५० फेरे, ०.२चा घेतला तर २००. मग सांगा, सर्वोत्तम म्हणजे कशासाठी? हात फिरवायला? टिकायला? लवकर व्हायला? शिवाय चौकटीतून सोडली की वाटी थोडी उसळून आकार बदलते, तळ मधून फुगतो, ते वेगळंच. अहवालात मोजला फक्त गुळगुळीतपणा, कारण त्याचं यंत्र प्रयोगशाळेत होतं. जाडी मोजायला वाटी कापावी लागते, ते कोण करणार!

माझा भाचा कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर आहे. तो म्हणाला, "मावशी, तू उगाच तापतेस. सुरक्षित टापूतच प्रयोग करतात, सगळीकडे असंच असतं." अरे, टापू आखायला माझी ना नाही. विहिरीला कठडा बांधावाच. पण कठडा कुठे आणि का बांधला हे तर सांगाल? पंचावन्नच्या पुढे का गेलो नाही, याचं खरं उत्तर "तिथे वाटी फाटली" हे आहे, आणि तेच एक वाक्य गाळलं. उद्या दुसऱ्या गावचा मुलगा हा अहवाल वाचेल, जाड कांडी घेईल आणि सत्तर अंशांवर जाईल. त्याचा पत्रा फाटला तर फार तर शंभर रुपये गेले. पण म्हणून मघाशी म्हटलं, कवटी लक्षात ठेवा.

नऊच वाट्यांचा तक्ता आणखी एक गोष्ट झाकतो. तो प्रत्येक कारणाचा परिणाम सुटा सुटा धरतो. आमटीत मीठ किती हे चिंच किती यावर ठरतं, हे आपल्याला स्वयंपाकघरात कळतं. इथे जाड कांडी एकटी दोषी नव्हती, उभा कोनही एकटा नव्हता. दोघं भेटले तेव्हा फाटलं. ही भेट त्या तक्त्याला नीट दिसत नाही. ती दिसली होती फक्त त्या फाटक्या वाटीत.

आमच्या धाकट्या दिरांचं म्हणणं, हे सगळं आपल्याकडे पूर्वीपासून होतंच, कसब्यातली तांबट आळी बघा. भावोजी, मी बघितली आहे. माझं लहानपण त्या ठोक्यांच्या आवाजात गेलं. मठारकाम हेही थोडं थोडं करूनच होतं, नातं आहे खरं. पण तांबट पत्रा ताणतो तसा गोळाही करू शकतो, आणि ठोकून ठोकून तांबं कडक झालं की भट्टीत लाल करून पुन्हा मऊ करतो. चौकटीत आवळलेल्या थंड पत्र्याला या दोन्ही सवलती नाहीत. तेव्हा अभिमान जरूर बाळगा, पण त्यानं नातीचा प्रश्न सुटत नाही.

चौतीस वर्षं मी वह्या तपासल्या. मुलं चुकलेलं उत्तर खोडरबरानं इतकं घासायची की कागदाला भोक पडायचं. मी सांगायची, एक आडवी रेघ मार, खालचं दिसू दे, कुठे घसरलास ते मला बघायचं आहे. आता कॉलेजातले सरच खोडरबर देताहेत म्हटल्यावर मी गप्प कशी बसू? सर वाईट नाहीत. त्यांच्याकडे असे चौदा गट आहेत आणि तारीख जवळ आलेली आहे. पण तारखेसाठी जे गाळलं तेच त्या प्रकल्पातलं सगळ्यात महाग ज्ञान होतं.

नातीनं काल रात्री अहवालाला एक पान जोडलं. आठव्या वाटीचा फोटो, चारही मापं, कुठल्या खोलीवर फाटली ते, आणि कोन का कमी केले त्याच्या तीन ओळी. आज सकाळी ते सरांना पाठवलं. मी हे लिहीपर्यंत त्यांची सही आलेली नाही.