आशाताईंच्या कामाची आखणी

फुलंब्री तालुक्यातल्या एखाद्या गावात बाळंतपण झाले की तिसऱ्या दिवशी आशाताईंची पहिली भेट ठरलेली असते. मग सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. बाळाचे वजन, अंगाचा ताप, श्वासाची गती, बाळ अंगावर पिते का, आईला रक्तस्राव किती, हे सगळे बघून लिहायचे. प्रसूती दवाखान्यात झाली असेल तर सहा भेटी, घरी झाली असेल तर सात. या सगळ्यांचा मिळून मोबदला केंद्राच्या दरपत्रकानुसार २५० रुपये. म्हणजे दवाखान्यातल्या प्रसूतीनंतर एका भेटीमागे पुरते बेचाळीस रुपयेही नाहीत, आणि दूरच्या शेतवस्तीवर जायचे तर तो खर्चही त्यातूनच.

रकमेपेक्षा बोलकी आहे ती या मोबदल्याची अट. २०११ च्या मार्गदर्शक सूचनांत पैसे देण्याआधी काय तपासायचे ते नोंदवले होते: वजन लिहिले का, जन्माची नोंद झाली का, लसी दिल्या का, आणि बेचाळिसाव्या दिवशी आई व बाळ दोघेही सुखरूप आहेत का. ही शेवटची अट पुन्हा वाचावी. भेटी वेळेवर झाल्या, धोक्याचे लक्षण ओळखले, रात्री गाडी मिळवून बाळाला घाटीत पोहोचवले, आणि तिथे बाळ गेले, तर हिशेब काय? ज्या गोष्टीवर आशाताईंचा ताबा नाही तिच्याशी त्यांचा मोबदला बांधलेला.

आशांच्या प्रश्नाची चर्चा आपल्याकडे संपाच्या दिवसांत होते आणि मानधनाच्या आकड्यावर संपते. जून २०२१, ऑक्टोबर २०२३, जानेवारी २०२४ मध्ये राज्यातल्या आशा संपावर गेल्या. मार्च २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने दरमहा पाच हजारांची वाढ मान्य केली. ती हवीच होती आणि उशिरा झाली. पण कामाची आखणी कशी आहे, हा प्रश्न तिने सुटला नाही. तो आरोग्याचा प्रश्न आहे, त्यांच्याही आणि आपल्याही.

माणूस काम मनापासून का करतो याचा अभ्यास गेली सत्तर-पंच्याहत्तर वर्षे चालू आहे. फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ मध्ये अमेरिकेतले सुमारे दोनशे अभियंते आणि हिशेबनीस यांच्या मुलाखतींवरून एक निष्कर्ष मांडला. पगार, नोकरीची शाश्वती, वरिष्ठांची वागणूक या गोष्टी बिघडल्या की माणूस नाराज होतो. त्या ठीक झाल्या की नाराजी जाते, पण तेवढ्याने उत्साह येत नाही. उत्साह येतो तो कामातून, जबाबदारीतून, काही साधल्याच्या जाणिवेतून. पुढे १९७० च्या दशकात रिचर्ड हॅकमन आणि ग्रेग ओल्डहॅम यांनी हीच गोष्ट कामाच्या रचनेत शोधली. कामात वेगवेगळी कौशल्ये लागतात का, एखादे काम सुरुवातीपासून शेवटापर्यंत आपल्या हातून होते का, त्याने कुणाच्या आयुष्यात फरक पडतो का, कसे करायचे ते आपण ठरवू शकतो का, आणि ते बरे झाले की वाईट हे आपल्याला कळते का?

या पाच कसोट्यांवर आशाताईंचे काम लावून बघा. पहिल्या आणि तिसऱ्या कसोटीत ते अनेक मोठ्या पगाराच्या नोकऱ्यांच्या पुढे जाईल. गरोदर बाईची नोंद, लसीकरण, क्षयरुग्णाच्या गोळ्या, तिशीपुढच्या माणसांची कंबर मोजून मधुमेह-रक्तदाबाचा अर्ज भरणे, नवजात बाळ, पाण्याचे नमुने. गावात फरक पडतो हे डोळ्यांना दिसते. घसरण होते ती उरलेल्या तीन ठिकाणी. काम तुकड्यांत मोजले जाते, प्रत्येक तुकड्याला वेगळा दर आणि वेगळे रजिस्टर. कधी काय करायचे ते वरून येते. कापूस वेचणीच्या दिवसांत दुपारी अर्ध्या गावाच्या दारांना कुलूप असते, तरी सर्वेक्षणाची तारीख तीच. आणि ग्रामीण रुग्णालयात पाठवलेली बाई पुढे घाटीत गेली, तर तिचे काय झाले हे आशाताईंना बहुधा नातेवाइकांकडूनच कळते.

इथे एक पळवाट नेहमी वापरली जाते, ती म्हणजे सेवाभाव. १९७१ मध्ये एडवर्ड डेसी यांनी विद्यार्थ्यांना कोडी सोडवायला दिली. काहींना पैसे दिले, काहींना नाही. पैसे बंद झाल्यावर पहिल्या गटाची कोड्यांतली गोडी कमी झालेली दिसली. हा प्रयोग सांगून ‘पैशाने सेवाभाव मरतो’ असे म्हणणारे भेटतात. ते विद्यार्थी रिकाम्या वेळेत कोडी सोडवत होते, त्यावर त्यांच्या घरची चूल पेटत नव्हती. उलट डेसींचा धडा खरा मानला तर तो लागू होतो प्रत्येक अर्जाला दहा-वीस रुपये चिकटवणाऱ्या दरपत्रकाला. ज्याला दर आहे ते काम आधी होते. रडणाऱ्या बाळंतिणीजवळ अर्धा तास बसण्याला दर नाही.

ताणाचे गणितही शास्त्राने मांडले आहे. रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्ये दाखवले की कामाचा बोजा जास्त आणि निर्णयाचा अधिकार कमी, हे मिश्रण सर्वांत घातक. लंडनच्या सरकारी कर्मचाऱ्यांवर मायकेल मार्मट यांच्या चमूने अनेक वर्षे केलेल्या व्हाइटहॉल अभ्यासात कामावर ताबा कमी असलेल्यांमध्ये हृदयविकार जास्त आढळला. योहानेस सीग्रिस्ट यांनी यात आणखी एक भर घातली: कष्ट खूप आणि मोबदला, मान, शाश्वती कमी, ही तफावतही शरीरात मुरते. दुसऱ्यांचा रक्तदाब मोजायला लावणाऱ्या योजनेत आशाताईंचा रक्तदाब कोण मोजतो?

वेगळी आखणी कशी असते, हे शोधायला परदेशी जायला नको. जामखेडला १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी गावातल्याच बायकांना आरोग्य कार्यकर्त्या केले. त्यांतल्या कितीतरी निरक्षर आणि दलित समाजातल्या होत्या. त्या नियमितपणे जामखेडला जमत, अनुभव एकमेकींना सांगत, शिकत आणि परतत. नवजात बाळाच्या घरभेटींचे मूळ गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या चमूने ३९ गावांत स्त्रियांना बाळाची तपासणी करायला, जंतुसंसर्ग ओळखायला आणि वेळ पडल्यास इंजेक्शन द्यायलाही शिकवले. तुलनेच्या गावांशी पाहता नवजात मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने तो अभ्यास छापला. देशभर योजना झाली तेव्हा भेटी आल्या, तक्ते आले. इंजेक्शनचा निर्णय आशाताईंच्या हाती आला नाही. त्यामागे सुरक्षिततेची कारणे असतील. पण अधिकार मागे राहिला आणि मोजदाद पुढे आली, हेही खरे.

मोठे निर्णय मुंबई-दिल्लीचे आहेत. मे २०१३ च्या पंचेचाळिसाव्या भारतीय श्रम परिषदेने योजना-कर्मचाऱ्यांना कामगार मानण्याची शिफारस केली होती. आशा अजूनही कागदावर ‘स्वयंसेविका’ आहेत. उत्पन्नाचा मोठा वाटा ठरलेला आणि वेळेवर हवा, दरपत्रक त्यावर थोडेसे. आई-बाळाच्या जिवावर बेतलेली अट कुठे उरली असेल तर ती आजच काढावी.

तालुका आरोग्य कार्यालयाला मात्र मुंबईची वाट पाहायची गरज नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रांत आशा आणि गटप्रवर्तकांची मासिक बैठक होतेच, आणि तिचा बराचसा वेळ आकडे गोळा करण्यात जातो. त्यातला पहिला तास राखून ठेवावा. गेल्या महिन्यात ग्रामीण रुग्णालयात किंवा घाटीत पाठवलेल्या प्रत्येक आईचे, प्रत्येक बाळाचे पुढे काय झाले, हे वैद्यकीय अधिकाऱ्यांनी त्या-त्या आशाताईंना नाव घेऊन सांगावे. कोणते रजिस्टर दुबार भरावे लागते, हे त्यांना विचारून लिहून घ्यावे. सर्वेक्षणाचा आठवडा कोणता, हे गावचा हंगाम ज्यांना ठाऊक आहे त्यांना ठरवू द्यावे. याला निधी लागत नाही, शासन निर्णयही लागत नाही. पुढच्या बैठकीपासून ते सुरू करता येईल.