सोने, तेल की शेअर? दीर्घ पल्ल्याचा हिशेब

एप्रिल 2025मध्ये सोन्याने दहा ग्रॅमला एक लाख रुपयांचा टप्पा गाठला आणि 'शेअरपेक्षा जिन्नस बरे' ही चर्चा मध्यमवर्गीय घरांत पुन्हा रंगली. चर्चा जुनीच. चीनच्या मागणीने 2004नंतर तांबे, पोलाद, तेल यांचे भाव भडकले, तेव्हाही ही तेजी दीर्घकाळ टिकणार असे छातीठोकपणे सांगितले जात होते. जुलै 2008मध्ये तेल पिंपाला 147 डॉलरवर पोहोचले. त्याच डिसेंबरात ते 40 डॉलरखाली घसरले.

जिन्नसांची मूळ अडचण अशी, की ते काही कमावत नाहीत. कंपनी नफा मिळवते, लाभांश देते, उरलेला पैसा व्यवसायात घालते. तांब्याचा ढीग दहा वर्षांनीही तेवढाच राहतो. वर गोदामाचे भाडे आणि विमा. शिवाय भाव चढला की उत्पादन वाढते. सोयाबीनचे उदाहरण महाराष्ट्राला चांगलेच ठाऊक आहे. ऑगस्ट 2021मध्ये क्विंटलला दहा हजारांच्या घरात गेलेला भाव 2024च्या हंगामात 4,892 रुपयांच्या हमीभावाखाली आला. वायद्यातील गुंतवणूकदाराला तर दर महिन्याला सौदा पुढे ढकलण्याचाही खर्च सोसावा लागतो. एप्रिल 2020मध्ये तेल साठवायला जागा उरली नाही, तेव्हा मुंबईच्या एमसीएक्सवर तेलाच्या वायद्याची पूर्तता उणे 2,884 रुपयांना झाली! शेअरची किंमत फार तर शून्य होते.

सोन्याची गोष्ट थोडी निराळी. जानेवारी 1980मध्ये औंसाला 850 डॉलरवर गेलेले सोने तो भाव पुन्हा ओलांडायला 2008 उजाडले. भारतीय ग्राहकाला हा दुष्काळ तितकासा जाणवला नाही, कारण दरम्यान डॉलर आठ रुपयांवरून चाळीसच्या आसपास गेला. म्हणजे अठ्ठावीस वर्षांत पाचपट, तीही रुपयाच्या घसरणीची. त्या काळातील महागाईपुढे ही वाढ तोकडीच होती.

सेन्सेक्स मात्र 1978-79च्या 100 अंशांवरून जुलै 2024मध्ये 80 हजारांपलीकडे गेला. सोने त्या वेळच्या साधारण हजार रुपयांवरून लाखावर. आठशेपट विरुद्ध शंभरपट, लाभांश वेगळाच. पण या आकड्यात एक गोम आहे. 1986मध्ये निर्देशांक सुरू झाला तेव्हा त्यात प्रीमियर ऑटोमोबाइल्स आणि हिंदुस्थान मोटर्स होत्या. मागे पडणाऱ्या कंपन्या निर्देशांकातून वगळल्या जातात; त्यांचे शेअर कपाटात जपून ठेवणाऱ्याच्या वाट्याला आठशेपट येत नाही.

निवृत्तीच्या उंबरठ्यावर असलेल्याने जपानकडेही पाहावे. 1989च्या अखेरीस निक्केईने गाठलेला उच्चांक मोडायला फेब्रुवारी 2024 उजाडावे लागले. तेव्हा पन्नाशीत असलेला गुंतवणूकदार तोवर पंचाऐंशीच्या घरात पोहोचला होता.