गोलात कोणाचे पोर उभे आहे?

चिखली तालुक्यातील उंद्री घ्या की बुलडाणा जिल्ह्यातील दुसरे कोणतेही गाव घ्या, सोयाबीन निघाले की रिकाम्या वावरात पोरांचा फुटबॉल सुरू होतो. दोन विटा ठेवल्या की गोल तयार. मग गोलात उभे कोण राहणार? पुढे खेळायला सगळेच तयार असतात. गोलात जातो तो ज्याच्या पायात बूट नाही, ज्याच्या घरचा चेंडू नाही, ज्याचे कोणी ऐकत नाही. चेंडू बाभळीच्या काट्यात गेला की आणायलाही त्यालाच पिटाळतात. आम्ही शाळेत होतो तेव्हा हा ‘मान’ भीमनगरातल्या पोरांसाठी राखीव असे. तसा हुकूम कोणी काढला नव्हता. हुकूम न काढताच जी पाळली जाते ती जात, हे आम्हाला पुढे कायद्याची पुस्तके चाळताना कळले.

शिष्यवृत्त्या रखडतात, अत्याचाराचे खटले वर्षानुवर्षे पडून राहतात आणि तुम्ही फुटबॉलवर काय लिहिता, असे काही वाचक म्हणतील. म्हणू द्या. खेळ आता वावरात राहिलेला नाही. १९६० पासून चाललेल्या सुब्रतो कपासारख्या शालेय स्पर्धा तालुक्यापासून जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्यांनी वर जातात. वरच्या पायरीवरच्या प्रमाणपत्राला किंमत आहे. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. म्हणजे बारा-तेरा वर्षांच्या पोराला कोण कुठे उभे करतो आणि कोण संघाबाहेर ठेवतो, यावर पुढची भाकर अवलंबून असू शकते.

आमचा आक्षेप गोलरक्षणाला नाही, हे आधीच सांगून टाकतो. अकरा जणांत हाताने चेंडू धरण्याचा अधिकार असलेला तो एकटाच. पूर्ण मापाचा गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच असतो. बारा वर्षांच्या पोराचा हात वरच्या दांडीपर्यंत पोहोचत नाही, तरी डोक्यावरून चेंडू गेला की शिव्या त्यालाच. पुढचा खेळाडू दहा वेळा चुकतो आणि अकराव्या वेळी नायक होतो. गोलरक्षकाने दहा चेंडू अडवले तरी लक्षात राहतो तो अकरावा. लहान वयात गोल लहान असावा, आणि प्रत्येक पोराने आळीपाळीने गोलात उभे राहावे, ही जाणत्या प्रशिक्षकांची रीत आहे. आमच्याकडे काय चालते? मुरमाच्या मैदानावर, हातमोज्यांविना, पडायचे कसे हे न शिकवता पोराला गोलात ढकलतात. कोपर आणि कंबर सोलून निघाल्यावर त्याने झेप घ्यायचे टाळले, तर शिक्षक म्हणतात, पोरगं भित्रं आहे!

जगातही काही वेगळे घडले नाही. १६ जुलै १९५० रोजी रिओच्या माराकाना मैदानावर उरुग्वेने ब्राझीलला २-१ ने हरवले. खापर फुटले ते मोआसिर बार्बोसा या काळ्या गोलरक्षकावर. १९९३ मध्ये तो ब्राझीलच्या संघाला भेटायला गेला, तेव्हा अपशकुनी म्हणून त्याला परतवले, असे सांगतात. २००० साली तो मेला, तरी तो गोल त्याच्या मानेवरून उतरला नव्हता. काळा माणूस गोलात भरवशाचा नसतो हा समज तिथे मूळ धरून बसला होता. २००६ च्या विश्वचषकात दिदा पहिल्या पसंतीचा गोलरक्षक म्हणून उभा राहिला, तोवर ५६ वर्षे उलटली होती. अपशकुनी ठरवून दाराबाहेर उभे करणे, ही रीत आमच्या वाचकांना समजावून सांगावी लागत नाही.

आपल्याकडचा पळवणकर बाळू पाहा. चर्मकार समाजातला हा पोरगा पुण्यातील गोऱ्यांच्या क्लबात महिना चार रुपयांवर राबत होता. साहेबांना सराव मिळावा म्हणून त्याने तासन्‌तास गोलंदाजी करायची. बॅट साहेबांची, घाम त्याचा. त्या घामातूनच देशातला पहिल्या प्रतीचा डावखुरा गोलंदाज तयार झाला, १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने ११४ बळी घेतले. पण पुण्यात सहकाऱ्यांनी त्याला चहा पॅव्हेलियनबाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यात दिला, आणि हिंदूंच्या संघाचे कर्णधारपद त्याला कधीच नीट मिळू दिले नाही. ते १९२३ मध्ये धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळाले. ज्या कामावर त्याला लावले तेच त्याने हत्यार केले. गोलातल्या आमच्या पोरांनाही ते करता येईल, पण त्यासाठी शिकवणारा हवा.

शिकवले तर काय होते, हे २०१७ मध्ये देशाने पाहिले. सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारत तिन्ही सामने हरला, नऊ गोल खाल्ले. तरीही सर्वांच्या तोंडी नाव होते मणिपूरच्या धीरज सिंग या गोलरक्षकाचे. नऊ गोल खाणाऱ्याचे कौतुक झाले, कारण त्याने अडवलेले चेंडूही लोकांनी मोजले. नागपुरात विजय बारसे यांनी २००१ पासून झोपडपट्टीतल्या पोरांना फुटबॉल दिला. २०२२ मध्ये नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ आल्यावर शहाण्यांना त्याची खबर लागली.

राज्यघटनेचे कलम १५(२) सांगते की शासनाच्या पैशाने राखलेल्या सार्वजनिक जागेच्या वापराला जातीवरून मज्जाव करता येत नाही. पण मैदानावर येऊ द्यायचे आणि गोलात डांबून ठेवायचे, याला कोणते कलम लावणार? तिथे कोर्टाची पायरी चढून उपयोग नाही. कागद मागावा लागेल. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत मैदान आणि क्रीडासाहित्य यांचा स्पष्ट उल्लेख आहे. समग्र शिक्षा योजनेत शासकीय प्राथमिक शाळेला वर्षाला ५,०००, उच्च प्राथमिक शाळेला १०,००० आणि माध्यमिकला २५,००० रुपयांपर्यंत क्रीडासाहित्यासाठी तरतूद आहे. हे पैसे आले का? आले तर त्यातून काय घेतले? साहित्य पोरांच्या हातात आहे की मुख्याध्यापकांच्या कपाटात?

उंद्रीच्या पालकांनी एवढे करावे. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ६ खाली साधा अर्ज लिहावा, दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावावे, पोच घ्यावी. उत्तराला तीस दिवसांची मुदत आहे. मागच्या तीन वर्षांचे साठा रजिस्टर मागावे, आणि शाळेच्या संघाची निवड कोणत्या चाचणीने झाली तेही विचारावे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी रविवारच्या वंदनेनंतर विहारातच शिकलेल्या पोरापोरींनी कागद घेऊन बसावे. पहिला प्रश्न हातमोज्यांचा घ्यावा.