काच पुसणार कोण?

कॅनडातल्या एडमंटन शहरात हिवाळ्यात पारा उणे वीस-तीसपर्यंत उतरतो आणि छपरांवरची सौर पॅनेल दिवसचे दिवस बर्फाखाली दबलेली असतात. तिथल्या ‘नेट’ या तंत्रशिक्षण संस्थेने 2012 पासून काही वर्षे त्याचा हिशेब ठेवला. वेगवेगळ्या उतारांवर पॅनेलच्या जोड्या बसवल्या. जोडीतल्या एकावरचा बर्फ नेमाने झाडला, दुसऱ्यावरचा तसाच राहू दिला. न झाडलेल्या पॅनेलचा वर्षभराचा तोटा उतारानुसार साधारण एक ते पाच टक्के भरला. बर्फाच्या दिवसांत तिथे ऊनच जेमतेम असते, त्यामुळे बुडते तेही थोडेच. शिवाय काच जरा तापली की उभ्या उताराच्या पॅनेलवरचा बर्फ आपसूक घसरून पडतो. निसरड्या छपरावर चढून हातपाय मोडून घेण्यापेक्षा चार दिवस थांबलेले बरे, असा सल्ला तिकडे सर्रास दिला जातो.

खान्देशातले गणित याच्या नेमके उलटे आहे.

जळगाव-धुळ्यात ऑक्टोबरमध्ये पाऊस गेला की तो थेट जूनमध्ये उगवतो. मधले आठ महिने आकाश मोकळे आणि ऊन भरपूर. वीज तयार व्हायची ती याच महिन्यांत, आणि धूळ उडते तीही याच महिन्यांत. कापूस निघाल्यावर मोकळी झालेली काळी रानं, वीटभट्ट्या, जिनिंगमधून उडणारा कापसाचा तूस आणि वैशाखातल्या वावटळी या सगळ्यांचा माल काचेवर येऊन बसतो. त्यात महामार्गाच्या कामाची भर पडली. तरसोड ते फागणे चौपदरीकरण इतकी वर्षे रेंगाळले की त्या पट्ट्यातल्या लोकांना धुळीशिवायचा रस्ता आठवेनासा झाला.

धूळ बर्फासारखी घसरून जात नाही. हिवाळ्यात पहाटेचे दव पडते, धुळीचा चिखल होतो आणि दहाच्या उन्हात तो काचेवर पक्का वाळतो. अवकाळीच्या चार थेंबांनीही तेच होते, काच धुतली जाण्याऐवजी तिच्यावर ठिपके उमटतात. गच्चीवरचे एखादे पॅनेल जवळून पाहावे. वरचा भाग बऱ्यापैकी स्वच्छ दिसतो, पण खालच्या कडेला, ॲल्युमिनियमच्या चौकटीला लागून, बोटभर रुंदीची मातीची पट्टी बसलेली असते. ती दिसायला किरकोळ वाटते. परंतु पॅनेलमधले सेल एकाला एक जोडलेले असतात, त्यामुळे तळाची एक रांग झाकली गेली की तिच्याबरोबर जोडलेल्या सेलांची वीजही अडते. पारव्याच्या विष्ठेचा एखादा मोठा डाग तर झाकलेला सेल तापवून कायमचा खराब करू शकतो.

या धुळीचे मोजमाप भारतात झालेले आहे. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठ आणि आयआयटी गांधीनगर यांच्या संशोधकांनी 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, तीन-चार आठवडे न पुसलेली पॅनेल साफ केल्यावर त्यांची वीज सुमारे निम्म्याने वाढल्याचे दिसले. काचेवरच्या थरात बहुतांश साधी मातीच होती. धूर आणि ज्वलनातून येणारे कण वजनाने थोडे होते, पण बारीक आणि चिकट असल्याने ते मातीपेक्षा कितीतरी जास्त प्रकाश अडवत होते. भुसावळकरांनी हे वाक्य दोनदा वाचावे. दीपनगरच्या औष्णिक केंद्राची राख वेल्हाळ्याच्या बंधाऱ्यात साठते, तिथून ट्रकांनी वाहून जाते आणि वाटेत उडते. कोळशाच्या विजेला पर्याय म्हणून छपरावर बसवलेल्या प्लेटांवर कोळशाचीच राख येऊन बसावी, हा विनोद असेल तर फार महागाचा आहे.

किती महागाचा, ते पाहू. पंतप्रधान सूर्यघर योजनेत 3 किलोवॉटच्या संचाला 78,000 रुपये अनुदान मिळते. असा संच आपल्याकडच्या उन्हात दिवसाला 12 युनिटच्या आसपास वीज देतो. धुळीने 15 टक्के गेले असे धरले, तरी महिन्याला पन्नासेक युनिट हवेत जातात. मे महिन्यात त्यात उष्णतेची भर पडते. 25 अंशांच्या वर प्रत्येक अंशामागे पॅनेलची क्षमता साधारण एक तृतीयांश टक्क्याने घटते, आणि जळगावची हवा 45 अंशांवर गेली की काच 65 ओलांडते. उष्णतेला इलाज नाही, धुळीला आहे. तो इलाज मात्र कोणत्याच जाहिरातीत नसतो. बसवणारा ठेकेदार बिल घेऊन निघून जातो. घरमालक पहिले दोन महिने कौतुकाने फडके मारतो आणि पुढे बिल का वाढले म्हणून वीज कार्यालयात चौकशी करतो.

खरी अडचण शेतात आहे. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत शेतकऱ्याला किमतीच्या फक्त 10 टक्के, अनुसूचित जाती-जमातींना 5 टक्के भरावे लागतात. पाच वर्षे दुरुस्तीची हमी आणि विमाही आहे. रात्रीच्या विजेसाठी बिबट्याच्या आणि सापाच्या भीतीने बांधावर जागणाऱ्या माणसाला दिवसा पाणी मिळणे ही फार मोठी गोष्ट आहे, त्यात शंका नाही. पण घराच्या छतावर निदान मीटर तरी असते. शेतातल्या पंपाची धूळ कळते ती पाइपातून पडणाऱ्या धारेवरून. मोटर सकाळी उशिरा पाणी धरते, दुपार कलली की धार बारीक होते, आणि शेतकऱ्याला वाटते बोअर आटली. प्लेटा उंच सांगाड्यावर, हात न पोचणाऱ्या. रावेर-यावलच्या पट्ट्यात तर बांधाजवळ सांगाडा असेल तर वाढत्या केळीची सावलीही प्लेटांवर येते.

पुसायचे कशाने, हा पुढचा प्रश्न. पंपाचेच पाणी पाइप लावून मारणे सोपे, आणि पुष्कळ जण तेच करतात. पण बोअरचे जड पाणी उन्हात वाळले की क्षारांचा पांढरा थर मागे ठेवते, तो पुढे घासूनही निघत नाही. भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी ओतले तर काच तडकण्याचा धोका असतो. कपड्याची पावडर नको, तारेची घासणी नको आणि प्लेटेवर पाय तर अजिबात नको, कारण आतल्या सेलांना पडलेल्या बारीक भेगा वरून दिसत नाहीत. पहाटे किंवा सूर्य मावळल्यावर, लांब दांड्याला लावलेले मऊ कापड आणि शक्यतो साठवलेले पावसाचे पाणी, एवढ्यावर काम भागते.

मोठ्या प्रकल्पांना हे चालणार नाही. साक्री तालुक्यातल्या शिवाजीनगरला महानिर्मितीचा 125 मेगावॉटचा सौर प्रकल्प 2013 मध्ये जर्मनीच्या केएफडब्ल्यू बँकेच्या कर्जातून उभा राहिला. त्याच तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या आहेत, म्हणजे वाऱ्याची साक्ष निराळी काढायला नको. असे प्रकल्प टँकरने धुवायचे म्हटले तर पाणी कुठून आणणार? जगभरच्या सौर प्रकल्पांत दरवर्षी धुण्यावर जाणारे पाणी वीस लाख माणसांना पिण्यापुरते होईल, असा अंदाज एमआयटीच्या संशोधकांनी 2022 मध्ये मांडला. राजस्थानातल्या भडल्याच्या वाळवंटात कोरडे ब्रश फिरवणारी यंत्रे म्हणूनच आली. भूजल अतिशोषित ठरलेल्या रावेर-यावलसारख्या तालुक्यांत नवा प्रकल्प मंजूर करताना कोरड्या सफाईची अट घातलीच पाहिजे. केळीला पुरत नाही ते पाणी काचेवर ओतणे परवडणारे नाही.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतल्या विकासकाला युनिटमागे पैसे मिळतात, म्हणून तो काच पुसतोच. त्याला कोणी शिकवावे लागत नाही. शेतकऱ्याच्या पंपाचे आणि गच्चीवरच्या संचाचे अनुदान मात्र बसवलेल्या क्षमतेवर मिळते. पुढे त्यातून किती वीज आली, हे विचारायला कोणी येत नाही. घोडे अडले आहे ते इथे.

करण्यासारखे पुष्कळ आहे आणि ते स्वस्त आहे. पंपाच्या निविदेत प्लेटांपर्यंत पोचणारी शिडी आणि लांब दांड्याचा ब्रश घालता येतो. सांगाडा कुठे उभा करायचा हे ठरवताना पुढच्या वर्षी तिथे केळी असेल का, एवढे विचारता येते. पाच वर्षांच्या देखभालीत दिवाळीनंतर आणि मार्चमध्ये अशा दोन सफाया लिहून घेता येतात. सौर वाहिनीच्या प्रकल्पांपोटी ग्रामपंचायतींना वर्षाला 5 लाख रुपये मिळतात. त्यातून गावातल्या दोन तरुणांना शिकवून, शंभर-दोनशे रुपयांत एक पंप पुसून देण्याचे काम उभे करता येईल. आयटीआयच्या तारतंत्री अभ्यासक्रमात त्यासाठी आठवडाभराचा भाग पुरे. आणि सांगाडा उभारून देणाऱ्या माणसाने जाण्याआधी शेतकऱ्याच्या मोबाइलमध्ये स्वच्छ प्लेटांवर पडणाऱ्या धारेचा व्हिडिओ काढून द्यावा, म्हणजे फेब्रुवारीत धार बारीक झाली की बोअर खोल करायला गाडी बोलावण्याआधी तो शिडी लावून वर पाहील.