टाकळ्याचं बी जपा, निळीचा रांजण मांडा

वसईकरांनो, पहिल्या पावसानंतर टाकळ्याची कोवळी भाजी आपण चवीने खातो. पुढे तोच टाकळा बांधावर वाढतो, शेंगा धरतो आणि रान समजून आपण तो कापून टाकतो. त्या शेंगांतल्या बियांवर आपल्या देशात निळीचे रांजण चालत आले आहेत. नीळ पाण्यात विरघळत नाही. टाकळ्याचं बी शिजवून चुन्याच्या पाण्यात निळीबरोबर घातलं की आंबण सुरू होतं, जिवाणू कामाला लागतात आणि नीळ विरघळते. रांजणातून कापड वर येतं ते पिवळट हिरवं. वारा लागला की डोळ्यांदेखत निळं होतं.

पुणे, नगर, सातारा, सोलापूर भागात निळीने रंगवण्याचं हे काम निराळी समाजाचं असे. १८९७ मध्ये जर्मनीच्या बीएएसएफने कारखान्यातली नीळ बाजारात आणली आणि झाडाच्या निळीचा धंदा बसला. बंगाल-बिहारात नीळ पिकवणाऱ्या रयतेचे हाल आठवून कुणी म्हणेल, नीळ गेली ते बरंच झालं. पण जुलूम मळेवाल्यांचा होता, झाडाचा नव्हे.

जपानवरही हीच वेळ आली होती. तोकुशिमात निळीची पानं सुमारे शंभर दिवस कुजवून ‘सुकुमो’ करतात, मग ते राखेच्या पाण्यात आंबवतात. दुसऱ्या महायुद्धात लागवड बंद पडली, तरी बियाणं जपलं गेलं. १९७८ मध्ये सरकारने या कौशल्याला संरक्षण दिलं. म्हणून तर शिहोको फुकुमोतो, हिरोयुकी शिंदो अशा कलावंतांना तो रंग मिळाला आणि किमोनोची नीळ कलादालनांच्या भिंतींवर चढली.

आपल्याकडे काय कमी आहे? आपली नीळ शेंगवर्गातलं झुडूप, जमिनीला नत्र देणारं. हरित वसईच्या आंदोलनात रस्त्यावर उतरलेल्या गावांनी वाडीतला एक वाफा तिला द्यावा. टाकळ्याच्या शेंगा वाळू द्याव्यात, बी राखून ठेवावं. चित्रकलेच्या शिक्षकांनी शाळा-महाविद्यालयांत रांजण मांडावा. तो रोज ढवळावा लागतो, वासावरून ओळखावा लागतो, आणि हे पुस्तकातून येत नाही. वसई पूर्वेच्या गाळ्यांत कपडे शिवणाऱ्यांनी थोडं कापड या रंगात काढून पाहावं. ते महाग पडेल, हे आधीच सांगतो.

आणि घेणाऱ्यांनी निळ्या कापडाचा भाव करण्याआधी एवढं तरी विचारावं: नीळ झाडाची की कारखान्याची?